गुडघा आणि उडी : सोलापुरातल्या शालेय मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या सरावनोंदी

संघ १८ मुलींचा, वय १३ ते १७. कोर्ट उघडं, सिमेंटचं, एका अंगाला शाळेचा व्हरांडा. जिम नाही, फिजिओ नाही. सराव सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वासहा ते पावणेआठ, शनिवारी आपापसात सामना. शालेय स्पर्धेआधी दोन गोष्टी साधायच्या होत्या : उडीनंतर उतरताना गुडघा आत पडतो तो आवरायचा, आणि त्याच कसरतीतून उडी नि चपळाईही वाढवायची. बास्केटबॉलमध्ये मुलींचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा तिरका अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त असतं. बहुतेक वेळा त्यात समोरचीचा धक्काही नसतो. उतरताना, अचानक थांबताना किंवा दिशा बदलताना गुडघा जातो. म्हणून सगळं लक्ष त्या तीन क्षणांवर दिलं.

१६ जून. साहित्य

जमिनीवर खुणेसाठी ठेवायचे बशीच्या आकाराचे २० कोन ४०० रुपयांना, मोबाइलचा ट्रायपॉड ४५०, शिवणकामाच्या तीन टेप ६०, चमकदार स्टिकरची पाकिटं ८०, खडूची पेटी. पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूब, चहापाण्याचे ५० रुपये देऊन. घराघरांतून जुन्या सोलापुरी चादरी मागवल्या. सिमेंटवर गुडघे टेकून करायच्या व्यायामाला चार पदरी घडी पुरते आणि धुता येते. फोमच्या चटया कोर्टवर महिनाभरात फाटतात.

उडीच्या चाचणीला ३० सेंमी उंचीचा ठोकळा लागतो. सुताराने १,४०० सांगितले. त्याऐवजी व्हरांड्याच्या दोन पायऱ्या वापरल्या, पण आधी टेपने मोजून. जुन्या इमारतीत एक पायरी १४ सेंमी तर दुसरी १७ निघते आणि दर वेळी वेगळ्या पायरीवरून चाचणी घेतली तर आकड्यांना अर्थ राहत नाही. आपल्या ३० सेंमीच्या जागेला रंगाची खूण केली आहे.

१८ जून. पहिली चाचणी वाया

पद्धत अशी : मुलीने पायरीवरून खाली यायचं, दोन्ही पाय एकदम टेकताच लगेच जमेल तितकी उंच उडी मारायची. समोरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ. पहिल्यांदा उतरल्यावर ती जिथे सर्वांत खाली बसते ती फ्रेम थांबवायची. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरून हाताला लागणारं हाड आणि गुडघ्याच्या वाटीचा मध्य, अशा चार ठिकाणी स्टिकर. पडद्यावर पट्टी ठेवून दोन गुडघ्यांतलं अंतर मोजायचं आणि त्याला दोन कुल्ह्यांमधल्या अंतराने भागायचं. कुल्हे ४ सेंमी आणि गुडघे २.२ सेंमी आले तर ५५ टक्के. ६० टक्के किंवा त्याखाली म्हणजे गुडघे ठळकपणे आत येतात असं धरतात.

आजचे सगळे व्हिडिओ पुसून टाकावे लागले. कॅमेरा पूर्वेकडे तोंड करून ठेवला होता, उगवतीच्या उन्हात पाय काळे दिसले. सैल ट्रॅक पँटमुळे कुल्ह्याचं स्टिकर हाडावर राहिलंच नाही. घामाने निम्मी स्टिकर गळाली. काही मुली पायरीवरून खाली येण्याऐवजी आधी वर उडी घेत होत्या, त्यामुळे पडायची उंची प्रत्येकीची वेगळी. आणि सर्वांत मोठी गफलत : ‘गुडघे बघायचे आहेत’ हे आधीच सांगून झालं होतं. मग प्रत्येकजण खाली मान घालून जपून उतरली. सामन्यात कुणी स्वतःच्या गुडघ्याकडे बघत उतरत नाही.

१९ जून. चाचणी पुन्हा

कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून, साडेतीन मीटरवर, भिंग गुडघ्याच्या उंचीला. अंगाला बसणाऱ्या सायकलिंग शॉर्ट्स. पाय टॉवेलने पुसून मगच स्टिकर, वरून पारदर्शक चिकटपट्टी. सूचना एवढीच : ‘एक पाय पुढे काढ, खाली ये, आणि वर टांगलेल्या बॉलला हात लाव.’ बॉल जाळीच्या पिशवीत घालून तुळईला टांगला. नजर वर गेली आणि खरं उतरणं दिसलं. १८ पैकी ११ जणी ६० टक्क्यांच्या खाली.

चित्रीकरण शाळेच्या फोनवर, बाईंनीच केलं. पालकांची लेखी संमती आधी घेतली, फ्रेममध्ये चेहरा येऊ दिला नाही आणि माप वहीत उतरताच व्हिडिओ पुसला. संमतीपत्रासाठी दोन दिवस धरा. वडील बाहेरगावी असतात, आई म्हणते त्यांना विचारते.

ही चाचणी कुणाचा गुडघा फाटणार हे सांगत नाही. शिकवलेलं अंगात उतरलं का, एवढंच तिच्यावरून कळतं. म्हणून आकडा कमी आलेल्यांचा वेगळा गट करू नका. सगळ्यांना सगळं द्या.

२० जून. बाकीची मापं

एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर शक्य तितकं लांब टेकायचं. तीन टेप जमिनीला चिकटवल्या की झालं. यात पुढच्या दिशेचं डाव्या-उजव्यातलं अंतर महत्त्वाचं. हायस्कूलच्या बास्केटबॉल खेळाडूंवरच्या २००६ च्या अभ्यासात ४ सेंमीपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापती अधिक झाल्या होत्या. मोजण्याआधी प्रत्येक पायाचे पाच-सहा सराव करून घ्या, नाहीतर तोल सुधारला की युक्ती कळली हे समजत नाही.

एका पायाची लांब उडी दोन्ही बाजूंनी. कमी असलेला पाय जास्तीच्या ९० टक्क्यांपेक्षा मागे नको. भिंतीवर खडूने उभी उडी. २० मीटर धाव. खडूच्या मापात एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होतोच. तेवढ्या फरकावर टाळ्या वाजवू नयेत.

२३ जून. आखणी कोसळली

कागदावर वॉर्म-अपचे १३ व्यायाम आणि २० मिनिटं. प्रत्यक्षात ३८ मिनिटं गेली, कारण प्रत्येक व्यायाम नवीन, प्रत्येक ठिकाणी जोड्या लावायच्या, आणि ट्यूब पायात चढवायलाच तीन मिनिटं. बॉल हातात यायला सात वाजले. मुली वैतागल्या, खेळ शिकवणारे सरही. असा वॉर्म-अप कुठल्याही शाळेत दोन आठवडे टिकत नाही.

२४ जून. कात्री

उरलेला क्रम : बेसलाइन ते बेसलाइन, म्हणजे कोर्टाच्या एका टोकाच्या रेषेपासून दुसऱ्या टोकाच्या रेषेपर्यंत, हलकी धाव, बाजूने सरकणं, अर्ध्या कोर्टापर्यंत उलटं धावणं. दहा स्क्वॉट (बैठका), मग प्रत्येक पायाचे सहा स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक). साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर टेकून अंग सरळ उचलून धरणं, २० सेकंद. एका पायावर उभं राहून जोडीदाराशी बॉलची देवाणघेवाण ३० सेकंद. पाच लांब उड्या, प्रत्येक वेळी उतरून तीन सेकंद तसंच थांबायचं. शेवटी चार थांबे : बेसलाइनवरून पूर्ण वेगाने निघून मधल्या रेषेआधी लहान पावलं टाकत थांबायचं. सगळं मिळून १४ मिनिटं, रोज. सोमवारी-गुरुवारी त्याला ताकदीची दहा मिनिटं जोडायची, मंगळवारी-शुक्रवारी उड्यांची दहा मिनिटं. बुधवारी काहीच जोडायचं नाही.

हे सगळं सरावाच्या सुरुवातीलाच घ्या, शेवटी नको. दमलेल्या पायांना शिकवलेलं उतरणं चुकीचंच मुरतं.

२५ जून. हॅमस्ट्रिंगची ओढ

नॉर्डिक म्हणजे गुडघे टेकून बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, वाढवण्यासाठी हा फार कामाचा, कारण हाच स्नायू नडगीला पुढे घसरू देत नाही आणि एसीएलवरचा ताण हलका करतो. सोमवारी सगळ्यांना दोन फेऱ्यांत आठ-आठ दिले होते. आज, दोन दिवसांनी, निम्म्या मुलींना व्हरांड्याची पायरी उतरवेना. बुधवारचा सराव गेला.

बदल : पहिले दोन आठवडे आठवड्यातून एकदाच, तीनच. मग दोनदा, तीन-तीन. पुढे चार, पाच. कंबरेतून वाकून केलेला नॉर्डिक धरायचा नाही. जोडीदार हलकी असेल तर घोटे उचलले जातात, म्हणून जोड्या वजनाप्रमाणे लावाव्यात, मैत्रीप्रमाणे नव्हे. यावर पहिले चार दिवस कुरकुर होते.

३० जून. हजेरीचा तक्ता

पालखी शहरात. निम्मा संघ दर्शनाला.

आजपासून व्हरांड्याच्या भिंतीवर तक्ता. सरावाला आली की नाही याचा नव्हे, वॉर्म-अप पूर्ण केला की नाही याचा. सव्वासहाला आलेली मुलगी आणि साडेसहाला येऊन थेट ले-अपला (धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकण्याला) लागलेली मुलगी शाळेच्या हजेरीत सारखीच दिसतात. पुढे आकडे कुठे सुधारले आणि कुठे नाहीत याचा उलगडा या एका तक्त्यावरून झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या सरकारी हायस्कूलमधल्या अभ्यासातही काम प्रशिक्षकांनीच केलं होतं. त्यांनी मुलींना रोजच्या सरावाआधी सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप दिला आणि न धडकता होणाऱ्या पायाच्या दुखापती घटल्या. त्यात यंत्रं नव्हती, रोजची शिस्त होती.

७ जुलै

कालच्या एकादशीचा उपवास. साबुदाण्यावर दिवस काढून सकाळी रिकाम्या पोटी आलेल्या मुली. उड्या रद्द, फक्त बास्केटवर नेम आणि फ्री थ्रो, म्हणजे ठरलेल्या रेषेवर उभं राहून कुणी अडवत नसताना घ्यायचा नेम. सरावाआधी एक केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की सक्तीची केली.

९ जुलै. कोणता शब्द चालला

‘गुडघे बाहेर ठेव’ ही सूचना दोन आठवडे दिली आणि ती फसली. मुली गुडघा बाहेर ढकलायला जातात आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेवर उभ्या राहतात. जवळ बसून पाहिलं तर दिसतं : उतरताना बुटाची आतली कड सिमेंटवरून नखभर उचललेली, अंगठा हवेत, घोटा बाहेर कललेला. गुडघा वाचवताना घोटा मुरगळण्याची सोय.

त्याजागी तीन गोष्टी ठरवल्या. एक, तळव्याचे तीन टेकू जमिनीवर : अंगठ्याचा बुंधा, करंगळीचा बुंधा, टाच. दोन, खुर्चीत बसल्यासारखी कंबर मागे. तीन, आवाज नको. तिसरी सूचना सर्वांत लवकर पोहोचली. सिमेंटवर सपाट पाय आदळला की फटकन आवाज येतो, तो स्वतःलाही ऐकू येतो आणि शेजारणीलाही. मग मुलीच एकमेकींना ‘वाजलं गं’ म्हणू लागल्या. प्रशिक्षक एक आणि मुली अठरा असताना ही मोठी सोय. जोडीत एक उडी मारते, दुसरी समोर उतरत्या गुडघ्याच्या उंचीला वाकून वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का ते बघते. तीन सेकंद थांबता आलं नाही तर ती उडी धरायची नाही.

मोजायचं काय तर एका सरावात जमिनीला पाय टेकण्याची संख्या. पहिल्या आठवड्यांत ६० च्या आसपास, सहाव्या आठवड्यापर्यंत १००. सिमेंटवर याहून वाढवू नका. लाकडी कोर्टासाठी लिहिलेले तक्ते इथे तसेच उचलले तर नडग्या दुखतात.

१४ जुलै. शेवाळ

पावसाची भुरभुर, बेसलाइनच्या कोपऱ्यात हिरवं शेवाळ. बाजूने सरकताना दोघी घसरल्या, लागलं नाही. उड्या व्हरांड्यात हलवल्या, तर तिथली शहाबादी फरशी ओल्या बुटांना कोर्टाहून वाईट निघाली. दाराशी गोणपाट टाकलं, बूट पुसल्याशिवाय आत यायचं नाही, आणि आत फक्त जागच्या जागी उड्या. शनिवारी ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून कोर्ट धुतलं. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा हे काम पाण्याच्या दिवसाला जोडूनच ठरवावं लागतं. कोर्टावरच्या ऑइल पेंटच्या रेषाही ओल्या असताना निसरड्या. फ्री थ्रोची रेषा ही थांबण्याचीच जागा आहे, म्हणून पुढच्या वेळी रंगात बारीक वाळू मिसळून घ्यायची.

२१ जुलै. ट्यूब तुटली

ट्यूबचा पट्टा गुडघ्यांच्या वर घालून बाजूने चालायचं, कुल्ह्याच्या बाहेरच्या स्नायूसाठी. आज एक पट्टा गाठीपाशी तुटून मांडीवर सपकन बसला, वळ उठला. जुन्या ट्यूबमध्ये व्हॉल्व्हच्या आसपासचा भाग कुजलेला असतो, तो कापून टाकावा. गाठीच्या जागी दोन्ही टोकं पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवून वर दोऱ्याने करकचून बांधली तर टिकतं. तरी शेवटी कारखान्यात तयार झालेले रबरी लूप दहा नग घेतले, ६५० रुपयांना. तेही उन्हात ठेवले की चिकट होतात. टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवायचे. आधीच घेतले असते तर बरं, पण आधी एवढे पैसे नव्हते.

पट्टा घोट्याला घालण्याचा मोह टाळा. गुडघा आणखी आत ओढला जातो आणि मुली कंबर डोलवत चालतात.

२८ जुलै. बॉल आला, सगळं गेलं

पाच आठवडे झाले. नुसत्या उड्यांत उतरणं सुरेख. आज रिबाउंड दिला, म्हणजे फळ्यावर आपटलेला बॉल हवेत पकडून उतरायचं, आणि पहिल्याच फेरीत जुने गुडघे परत. एका पायावर उतरणं, धड बाजूला कललेलं, आवाज फटाफट.

हे होणारच होतं. नजर बॉलवर गेली की पायावरचं लक्ष जातं आणि खरी दुखापतही तेव्हाच होते. चूक एवढीच की पायऱ्या मध्ये नव्हत्या. आता असा क्रम : आधी उडी मारून उतरताना जोडीदाराने छातीशी टाकलेला पास पकडायचा. मग पास बाजूला. मग हवेत असताना जोडीदाराने खांद्याला तळहाताने हलका धक्का. मग फळ्यावरून रिबाउंड, पण दोन पायांवर उतरून तीन सेकंद थांबून मगच पुढचा पास. शेवटी समोर डिफेन्स. प्रत्येक पायरीला चार-पाच सराव तरी द्यायचे. घाई केली तर मागच्या पायरीवर यावंच लागतं, आणि तेव्हा मुलींना ती शिक्षा वाटते.

थांबण्याचंही तसंच. धावत येऊन एकाच लांब पावलावर ब्रेक लावायची सगळ्यांना सवय होती, गुडघा सरळ, टाच पुढे. कोनांनी शेवटच्या अडीच मीटरची पट्टी आखली आणि त्या पट्टीत किमान तीन पावलं पडलीच पाहिजेत असा नियम केला. कोन दिसतो, त्यामुळे सांगावं लागत नाही. दिशा बदलणं आधी ४५ अंशात, ते जमल्यावर ९०.

४ ऑगस्ट. गुडघ्याखालचा टेंगूळ

दोन लहान मुलींना वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं, दाबलं की कळ. या वयात उंची झपाट्याने वाढते, हाड लांबतं आणि मांडीचा स्नायू त्या उंचवट्याला ओढत राहतो. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटर सांगितलं. पूर्ण बंदी नको होती. उड्या निम्म्यावर, खोल स्क्वॉट बंद, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) आणि प्लँक चालू, सरावानंतर बर्फ. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी उरत नसेल तर चालू द्यायचं. लंगडत असेल तर बाहेर बसायचं, सामना असला तरी.

भिंतीवर दर महिन्याला प्रत्येकीच्या उंचीची खूण करायची असं ठरलं. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढली की त्या मुलीच्या उड्या आपोआप कमी.

११ ऑगस्ट. रक्त

शनिवारी रथोत्सव झाला, आज सगळ्या मरगळलेल्या. पण काही जणी जूनपासूनच शेवटच्या वीस मिनिटांत गळतात, आणि गळलेली मुलगी धडाधड उतरते. पालकांना सांगून हिमोग्लोबिन तपासलं. पाच जणींचं १२ च्या खाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता, तेव्हा आश्चर्य नव्हतं. पाचही जणींना डॉक्टरांकडे पाठवलं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून असते हे विचारल्यावर कळलं. ती जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. डब्यात भाकरी-शेंगा चटणीच्या जोडीला उसळ आणि लिंबू, अंडं चालत असेल तर अंडं.

पाळीची नोंद मुलीच आपल्या वहीत ठेवतात. बाईंना फक्त एवढंच सांगायचं की तीन महिने पाळी आली नाही. मग डॉक्टर. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची हाडं कमजोर होतात, आणि ते वरून दिसत नाही.

१८ ऑगस्ट. लेझीम

चार जणींच्या नडगीच्या आतल्या कडेला दुखतं. सरावात काही वाढवलं नव्हतं. विचारल्यावर कळलं : गणपतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाची लेझीम, रोज रात्री दीड-दोन तास, डांबरी रस्त्यावर, पायात चपला किंवा काहीच नाही. सकाळच्या आपल्या १०० उड्यांवर रात्रीच्या हजारभर.

लेझीम बंद करा म्हणणं सोलापुरात चालत नाही आणि म्हणूही नये. सकाळच्या उड्या गणपती जाईपर्यंत थांबवल्या, ताकदीचा भाग ठेवला, रात्री बूट घालूनच खेळायचं असं मंडळाच्या ताईंशी बोलून घेतलं. दुखणं बोटाच्या पेराएवढ्या एकाच ठिकाणी असेल तर हाडाला तडा असू शकतो, लगेच डॉक्टर. वीतभर पसरलेलं असेल तर भार कमी केल्यावर उतरतं. तिघींचं उतरलं. चौथीला दाखवून आणलं, तडा नव्हता.

३० ऑगस्ट. घोटा

शनिवारच्या सामन्यात रिबाउंडनंतर दुसरीच्या पायावर पाय पडला, घोटा आत वळला. बास्केटबॉलमधली ही सर्वांत नेहमीची दुखापत, आणि इथे उतरण्याच्या शिकवणीचा फारसा उपयोग नाही, कारण खाली जमीनच नसते.

बघायचं ते क्रमाने : चार पावलंही टाकता येत नाहीत का. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालून ६ सेंमीपर्यंत, दाबून दुखतं का. करंगळीकडच्या लांब हाडाच्या मागच्या टोकावर आणि पावलाच्या आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का. यातलं काहीही असेल तर एक्स-रे. इथे नव्हतं. बर्फ, दाबपट्टी, पाय वर. घरी आजीने तेल लावून चोळायला घेतलं होतं, ते फोन करून थांबवावं लागलं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं दोन्ही सूज वाढवतात. आणि गुडघा वळताना ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत सूज भरली, तर ना मालिश ना हाडवैद्य, थेट अस्थिरोगतज्ज्ञ.

परत खेळायची अट : एका पायाची लांब उडी चांगल्या पायाच्या ९० टक्के. त्यानंतर लेस बांधायचा अँकल ब्रेस, ७५० रुपये. हायस्कूलच्या बास्केटबॉलमध्ये लेसच्या ब्रेसने घोट्याच्या दुखापती कमी झाल्याचं २०११ च्या एका चाचणीत दिसलं होतं. क्रेप बँडेज त्याची जागा घेत नाही, पहिल्या क्वार्टरमध्येच सैल होतं. ज्यांचा घोटा आधी कधी मुरगळला आहे त्या सहाही जणींना ब्रेस घ्यायला सांगितलं. तिघींनी घेतला.

८ सप्टेंबर. फेरचाचणी

६० टक्क्यांखाली ११ होत्या, आता ४. त्या चारपैकी तिघींचा वॉर्म-अप तक्त्यात निम्माही भरलेला नाही. उभी उडी बहुतेकींची २ ते ४ सेंमी वाढली. एका पायावर तोलून पुढे टेकण्यातला डाव्या-उजव्या पायाचा फरक दोघी सोडून सगळ्यांचा ४ सेंमीच्या आत.

२० मीटरची धाव जशीच्या तशी. कारण उघड आहे : पूर्ण वेगाने, पूर्ण विश्रांती घेऊन धावणं आखणीत कुठेच नव्हतं. कोर्टभर धापा टाकत मारलेल्या फेऱ्यांनी वेग वाढत नाही. आता आठवड्यातून दोनदा २० मीटरच्या पाच-सहा धावा, मध्ये दीड मिनिट स्वस्थ उभं राहून. मुलींना हा वेळ वाया वाटतो, सरांनाही.

गुडघ्याची मोठी दुखापत या मोसमात झाली नाही. १८ मुलींच्या एका मोसमातून त्याचा काहीही निष्कर्ष निघत नाही, मागच्या मोसमातही झाली नव्हती. पालकसभेत उडीचे आकडे सांगितले. दुखापत टळली असं सांगून कुणी सकाळी सहाला मुलगी पाठवत नाही, उडी वाढली म्हटल्यावर पाठवतात.

२२ सप्टेंबर. स्पर्धेच्या दिवसाचा वॉर्म-अप

स्पर्धेत कोर्ट मिळतं पाच-सात मिनिटं, तेही ले-अपच्या दोन रांगांना. त्यामुळे पहिला भाग बाजूच्या मोकळ्या जागेत आटोपायचा : धाव, सरकणं, पाच स्क्वॉट, पाच उतरून-थांब उड्या, तीन थांबे. आठ मिनिटं. नॉर्डिक स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस बंद. बदली खेळाडू बाकावर वीस मिनिटं बसून थेट आत जाते, तिने उठल्यावर बाजूला चार उड्या आणि दोन थांबे करायचेच. हे लक्षात ठेवायचं काम बाकावरच्याच एका मुलीकडे दिलं आहे, प्रशिक्षकाला त्या घाईत आठवत नाही.

घटस्थापनेपासून काही जणी अनवाणी आहेत. सरावापुरते बूट घालायला सगळ्यांच्या घरी होकार मिळाला.

४ ऑक्टोबर. कोजागिरीच्या आधी

सात मुली घरच्यांबरोबर तुळजापूरला चालत निघणार, ४५ किलोमीटरच्या आसपास, बहुतेक रात्रीतून. आल्यावर चार दिवस उड्या आणि धावा नाहीत. तळव्याचे फोड फोडायचे नाहीत, फुटले तर धुऊन पट्टी. फोडामुळे पाऊल वाकडं टाकत असेल तर एका पायाचे व्यायाम बंद, कारण तेच वाकडं उतरणं अंगात बसतं. पाचव्या दिवशी ६० उड्यांपासून सुरुवात, १०० वर यायला दोन आठवडे. मोसम संपल्यावर पूर्ण कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, १४ मिनिटांचा वॉर्म-अप मात्र सरावाच्या प्रत्येक दिवशी. नवीन आठवीच्या मुली नोव्हेंबरमध्ये येतील, त्यांची चाचणी पश्चिमेकडे तोंड करून, त्याच रंगवलेल्या पायरीवरून.